तुझ्या नावाचं कार्ड

मिंगेल, तुझ्या क्रुसावर स्टिकर लावलाय. आधी हेच सांगून टाकते, म्हणजे तुझं डोकं फिरायचं ते एकदाच फिरेल. काळ्या लाकडावर चिकटवलेला, कॉम्प्युटरवर छापलेला पांढरा स्टिकर. 'मिंगेल फर्नांडिस' अशी जाड, गोल, तुकतुकीत अक्षरं. तीच, जी नाक्यावरच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर असतात. शिरोड्याच्या किनाऱ्यावरच्या निम्म्या होड्यांची नावं तू लिहिलीस, त्या दफनभूमीतले कितीतरी क्रूस तुझ्या हातचे, आणि तुझी वेळ आली तेव्हा गावात ब्रश धरणारं कुणी उरलं नव्हतं. कुणीतरी घाईघाईनं बाजारात जाऊन स्टिकर करून आणला. त्याचा काही दोष नाही. मी पुण्याहून पोचले तोवर सगळं तयार होतं.

मी मूठभर माती टाकली, वर पाहिलं, तर समोर ती अक्षरं. त्या क्षणी मला रडू आलं नाही, लाज वाटली. कारण तुझ्या नावाला ती अक्षरं मी आधीच एकदा लावली होती.

आज सतरावा दिवस. मी अजून तुमच्याच घरी आहे. तुझी थोरली बहीण, नातालीनबाय, मला जाऊ देत नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही जायचं नाही. तिनं परवा सकाळी चहाचा कप पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "ता चिकटवलेला नाव माका बगवना नाय. महिन्याच्या मिसाक नवीन खुरीस घालूया. नाव तू लिव."

"मी? नातालीनबाय, माझा अक्षर म्हणजे कोंबडेचे पाय."

"म्हणान काय झाला? दुसरा कोण आसा?"

दुसरं कोणी नाही हे खरंच आहे.

अक्षरांचं वेड मला तू लावलंस. वर्गात फळ्यावरचा सुविचार तू लिहायचास आणि मी सांगायची, एवढीच आपली ओळख. मग हिवाळ्यात बाजाराच्या पलीकडे तंबू लागायचा, सिनेमाचा, आणि आपण जायचो. तुझा हट्ट असा, की पडद्यावर नावं सुरू व्हायच्या आधी आत बसायचं. मी एकदा वेणी घालत बसले आणि उशीर केला. पडद्यावर संगीत दिग्दर्शकाचं नाव पोचलं होतं. तू दारातच उभा राहिलास. "नावां चुकली. आता काय बगतलंस?" मी म्हटलं, अरे अख्खा पिक्चर बाकी आहे! पण तू आत गेलाच नाहीस. दुसऱ्या दिवशी परत आलास, आणि मला घरून दुसऱ्या दिवशी सोडतात होय? मी त्या सिनेमाची नावं आजतागायत पाहिलेली नाहीत.

अक्षरांवरून पिक्चर ओळखायचा, हा आपला खेळ. अक्षरांतून थेंब गळायला लागले की भुताचा, एवढं तर शेंबडं पोरही सांगेल. एकमेकांच्या डोक्यावर चढलेली अक्षरं म्हणजे हसायचा. पत्रात लिहितात तशी तिरकी, बारीक अक्षरं आली की आईच्या डोळ्याला पदर लागणार. पण तू त्याच्या पुढचं सांगायचास. एकदा सगळा तंबू हसायच्या तयारीत बसला होता, गाण्याच्या चालीवर नावं येत होती, आणि तू माझ्या कानात म्हणालास, "हेच्यात कोणतरी मरतलो."

"कशावरून?"

"अक्षरांमधली जागा बग. लांब लांब बसवली आसत."

मध्यंतरानंतर नायकाचा भाऊ मेला. तू माझ्याकडे बघून मान हलवलीस आणि मी घरापर्यंत तुझ्याशी बोलले नाही, जणू तूच मारला होतास त्याला. मिंगेल, मी पुढे सिनेमा शिकायला गेले, मोठमोठ्या लोकांची व्याख्यानं ऐकली, पण दोन अक्षरांमधल्या मोकळ्या जागेत भीती बसवता येते हे मला त्या तंबूत, तुझ्या शेजारी, सतरंजीवर बसून कळलं होतं. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुझ्या डोक्यात हवा जाईल म्हणून सांगितलं नाही. काय नडलं असतं गेली असती तर?

मग तू मुंबईला गेलास. काळ्या कार्डावर पांढऱ्या रंगानं सिनेमाची नावं लिहून द्यायचं काम. ती कार्डं कॅमेऱ्याखाली ठेवून चित्रं घ्यायचे. मी तेव्हा पुण्यात शिकत होते आणि तुझी पत्रं यायची. 'आज दिवसभर एका विनोदी पिक्चरची ढमाली अक्षरं काढली, संध्याकाळी माझंच पोट जड झालं.' नाव पडद्यावर किती वेळ ठेवायचं, याचंही तुझं गणित एका पत्रात होतं. माणसानं एकदा वाचावं, दुसऱ्यांदा वाचायला घ्यावं, आणि ते वाचून पुरं व्हायच्या आत नाव जावं. मग तो पुढे सरकून बसतो. मी आजही संकलनाला बसले की मनात नाव दीड वेळा वाचते. माझ्या हाताखालच्या लोकांना वाटतं ही माझी युक्ती आहे.

कॉम्प्युटर आला, ते दुकान बंद पडलं आणि तू गावी परतलास. होड्या रंगवायला लागलास. मला वाटलं तू खचशील. मी मोठ्या सहानुभूतीनं भेटायला आले तर तू एका होडीच्या पुढच्या टोकाला, नाळेशी बसून शीळ घालत होतास. "होडी म्हणजे पण पिच्चरच गो. लांबसून आधी नाव दिसता, मगे माणसां." आणि होडीवाल्याला काय छळायचास! नाव लिहायच्या आधी त्याच्याकडून तीनदा मोठ्यानं म्हणवून घ्यायचास. तो बिचारा बांगडे विकायचे सोडून उन्हात उभा.

"अरे दर्यासारंग लिव मां! कितीदा सांगू?"

"परत सांग. ही होडी परतान येवची आसा आणि तू धक्क्यार उभो रवान हाक मारतंस, असा सांग."

मग तो खरंच तशी हाक मारायचा, आणि तू डोळे मिटून ऐकायचास, आणि मग ब्रश उचलायचास. मी विचारलं होतं, हे काय नाटक? तू म्हणालास, "नाव नुसता वाचूक येवन भागणा नाय. आयकूक येवक व्हया." मी हसले. मला वाटलं, मुंबईहून परत आलेला माणूस आहे, काहीतरी मोठं बोलायची हौस आहे. तेव्हापासून आपला वाद सुरू झाला तो संपलाच नाही. मी म्हणायची, अक्षर वाचता आलं की त्याचं काम झालं, बाकीचं काम सिनेमाचं. तू म्हणायचास, मग सिनेमाला नाव तरी कशाला घालता?

या वादात मी जिंकले, मिंगेल. कशी जिंकले ते तुला माहीत आहे, पण मला ते आज लिहायचंच आहे.

पन्नाशी ओलांडल्यावर मला स्वतःचा सिनेमा करायला मिळाला. 'सुकती'. ओहोटीला आपल्याकडे सुकती म्हणतात हे मी पुण्याच्या निर्मात्यांना चारदा समजावून सांगितलं होतं. नवरा समुद्रावर गेला तो परत आला नाही, आणि त्याची होडी त्याची बायको चालवते, एवढीच गोष्ट. नावं तूच लिहायची हे मी पटकथेच्या आधीच ठरवून टाकलं होतं. तुला सांगितलं तेव्हा तू म्हणालास, "लाटा काढूचंय नाय हां मी." मी म्हटलं, काढू नकोस.

आठवडाभर तू वेळागरच्या वाळूत पाणी मागे जाताना बघत बसलास. नातालीनबाय जेवायला हाका मारून मारून दमली. मग मला बोलावलंस आणि कार्ड दाखवलंस. तो शब्द तू ब्रश एकदाच बुडवून लिहिला होतास. मध्ये पुन्हा रंग घ्यायचा नाही. 'सु' भरलेला, ओला. 'क' वर रंग विरायला लागलेला. आणि 'ती' ची वेलांटी नुसत्या कोरड्या केसांच्या ओरखड्यांनी वर जाऊन कुठेतरी नाहीशी झालेली. सगळा शब्द कार्डाच्या तळाला आणि वर नुसतं काळं. मी त्या काळ्याकडे पाहिलं आणि मला तो न आलेला नवरा दिसला. अजून सिनेमाचं एक दृश्यही कुणी पाहिलेलं नव्हतं. तुझ्या खोलीभर चुकलेली कार्डं पडली होती, दोन पावलं टाकायला जागा नव्हती.

त्याच दुपारी पडवीत बसून मी तुला नावांची यादी वाचून दाखवली. प्रत्येक नाव तीनदा, मोठ्यानं. नटांची, कॅमेऱ्याची, ध्वनीची. तू डोळे मिटून ऐकत होतास. शेवटी मी वाचलं, "शीर्षकलेखन, मिंगेल फर्नांडिस."

"ता सोड."

"सोड काय? तुझं नाव येणार पडद्यावर."

"आपला नाव आपून लिवूचा नसता. मी कधी लिवलंय नाय." आणि खरंच, इतक्या वर्षांत एका होडीच्या कोपऱ्यातही तू सही केली नव्हतीस. मी विचारलं, मग कोण लिहिणार?

"तू लिवतलंस."

"माझ्या ह्या अक्षरात? लोक उठून जातील थिएटरातून."

"जावंदेत. तू माका हाक मारतंस ती माका ठावक आसा. तसा लिव."

मी हसून विषय उडवून लावला. नातालीनबायनं तेवढ्यात सोलकढी आणली आणि ते बोलणं तिथेच राहिलं.

महिन्याभरानं तुझं पुडकं आलं. खाकी कागदात बांधलेली एकोणीस कार्डं. वरचं 'सुकती'चं आणि त्याच्या लगेच खालची दोन-तीन, एवढ्यांचे फोटो काढून मी निर्मात्यांना दाखवले. ते मोबाइल लांब धरून बघत राहिले. "मॅडम, हे वाचता येत नाही. लोक हे एवढ्याशा चौकोनात बघणार. शेवटचं अक्षर तर पुसलंच गेलंय." दुसऱ्या दिवशी त्यांनी एक नमुना पाठवला. पिवळ्या रंगात, जाड, गोल अक्षरांत, पडद्याच्या बरोबर मध्ये 'सुकती'. वाचता येत होतं. चांगलं ठळक वाचता येत होतं. मी 'चालेल' असं उत्तर पाठवलं.

एवढंच. कुणी माझ्या मानेवर सुरी ठेवली नव्हती. मी भांडले असते तर कदाचित ऐकलंही असतं त्यांनी. पण सिनेमा अडकेल असं मला वाटलं, आणि मला माझा सिनेमा हवा होता. मी पुडकं पुन्हा बांधलं आणि कपाटाच्या वरच्या फळीवर टाकलं. तुला कळवलं नाही. आज सांगते उद्या सांगते करत राहिले. आणि वर माझा दीडशहाणपणा असा, की यादीतलं तुझं नाव तसंच ठेवलं. तेवढ्यानं तुला बरं वाटेल असं मला खरोखर वाटलं होतं.

सावंतवाडीला खेळ लावला त्या दिवशी तू इस्त्रीचा शर्ट घालून आलास. नातालीनबायनं अबोली माळली होती. नावं सुरू व्हायच्या आधी अर्धा तास तुम्ही येऊन बसला होतात. अंधार झाला आणि ते पिवळं नाव पडद्यावर उगवलं. मी तुझ्या मागच्या रांगेत होते. तुझी मान हलली नाही. नटांची नावं, कॅमेरा, ध्वनी, आणि मग 'शीर्षकलेखन : मिंगेल फर्नांडिस', त्याच अक्षरांत. नातालीनबायनं तुझ्या दंडावर हात ठेवला. मला वाटलं तू उठून जाशील. तू गेला नाहीस, शेवटपर्यंत बघितलास.

बाहेर आल्यावर म्हणालास, "पिच्चर बरो आसा." मी काहीतरी फोनचं, चौकोनाचं, निर्मात्यांचं सांगायला लागले. तू थांबवलंस.

"कार्डां खंय आसत?"

"माझ्याकडे. कपाटात. जपून ठेवली आहेत."

"सगळी बगलंस?"

"होय रे, सगळी."

तू माझ्याकडे पाहिलंस. फार वेळ पाहिलंस. "बरा," म्हणालास, आणि मग रिक्षात चढता चढता, "माझा नाव काढ त्या पिच्चरातसून."

मी एकदा विचारलं निर्मात्यांना. ते म्हणाले बघू. मग सिनेमा मोबाइलवर आला. तू गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मी पुन्हा फोन केला, गयावया केली. "आता काही होत नाही, मॅडम, ते सगळीकडे गेलंय." म्हणजे तू मागितलेली एकमेव गोष्ट मी केली नाही, आणि आता ती कुणालाच करता येणार नाही. जो कुणी तो सिनेमा लावेल, त्याला सांगितलं जाईल की ती अक्षरं तुझी.

सावंतवाडीनंतर आठ महिने आपण बोलत होतो, पण काय बोलत होतो? पाऊस, बांगड्यांचा भाव, नातालीनबायचा गुडघा. नाताळला तू डबाभर गोड नेवऱ्या पाठवल्यास, नेहमीसारख्या. मी फोन करून नातालीनबायला 'छान झाल्यात' सांगितलं आणि फोन तुला दे म्हटलं नाही. मागून तुझा खोकला ऐकू येत होता. एकदा दे म्हटलं असतं तर तू आला असतास फोनवर. मला वाटलं, वेळ आहे. सावकाश येईन, पडवीत बसेन, सगळं सांगेन. मूर्ख बाई.

परवा नातालीनबाय 'नाव तू लिव' म्हणाली तेव्हा मला वाटलं, तुझ्या कार्डांत तुझ्या हातचं तुझं नाव असेल. ते कागदावर गिरवून घेईन आणि क्रुसावर उतरवीन. तू लिहिणार नाही म्हणाला होतास, पण मनातून लिहिलं असशील, असं वाटलं. पुण्याहून येताना पुडकं मी पिशवीत टाकलं होतं, का ते मलाही माहीत नाही. काल दुपारी तुझ्या पडवीत बसून दोरी सोडली. एकेक कार्ड उलटत गेले. काय अक्षरं आहेत रे! म्हातारी झालेल्या त्या नटीचं नाव तू असं लिहिलंयस की कुणीतरी तिला हळूच उठवतंय. ध्वनीवाल्याचं नाव इतकं बारीक, की वाचायला पुढे वाकावं लागतं. सतरा कार्डं झाली. अठरावं माझं, आणि माझं नाव तू कसं लिहिलंयस ते मी कुणाला सांगणार नाही.

एकोणिसावं शेवटचं. वर तुझ्या अक्षरात 'शीर्षकलेखन'. त्याखाली पेन्सिलीच्या दोन सरळ रेघा, आखून ठेवलेल्या. मधली जागा मोकळी. आणि कोपऱ्यात, अगदी लहान, पेन्सिलीनं : 'शालन, हय तू लिव.'

मिंगेल, म्हणजे तुला थिएटरातच कळलं होतं. पिवळ्या अक्षरांचं तू कदाचित गिळून टाकलं असतंस, मुंबईत तू तेच गिळून आला होतास. पण छापलेलं तुझं नाव पडद्यावर आलं तेव्हा तुला कळलं, की मी शेवटच्या कार्डापर्यंत पोचलेच नव्हते. आणि तरी तू मला एक संधी दिलीस. सगळी बगलंस? मी होय म्हणाले. तुझ्या तोंडावर म्हणाले. तू नावं लांबून बघून माणसं ओळखायचास, तुला माझं खोटं कळलं नसेल? आठ महिने तू ते पोटात ठेवलंस आणि मला नेवऱ्या पाठवत राहिलास.

मी तिथेच बसून ओरडून रडले. नातालीनबाय धावत आली. कार्ड बघितलं, तिला वाचता आलं. मग तिनं आतून तुझा ब्रश आणला, केस जपून कागदात गुंडाळलेला, आणि नव्या क्रुसाची फळी समोर ठेवली. सुतारानं काळा रंग देऊन पाठवली होती.

मी म्हटलं, "नातालीनबाय, तेचा नाव मोठ्यान सांग. तीनदा."

तिला तुझी रीत माहीत होती. ती पडवीच्या कडेला जाऊन उभी राहिली, माडांकडे तोंड करून, जेवायला बोलवायची तशी. "मिंगेलाऽऽ!" मग पुन्हा, "मिंगेलाऽऽ!" तिसऱ्यांदा तिच्या तोंडून आवाजच आला नाही. ती तशीच उभी राहिली, परसात कुणीतरी वळून बघेल अशी. मीही बघत राहिले. माडांखाली तू चुकलेली कार्डं जाळायचास ती काळी जागा आहे, दुसरं काही नाही.

मग मी ब्रश बुडवला आणि लिहिलं. 'मिं' मोठा झाला. 'गे' खाली घसरला. आडनावाला जागा पुरेना म्हणून 'फर्नांडिस' मी दाटीवाटीनं कोंबलं, दोन अक्षरांत बोट ठेवायलाही जागा नाही. तू जागा किती जपायचास. पुसून पुन्हा लिहावं म्हणून फडका उचलला, पण कितीदाही लिहिलं तरी माझ्या हातून यापेक्षा वेगळं येणार नाही. ते कार्डही मी कोरंच ठेवलंय. त्याची वेळ गेली.

संध्याकाळी रंग वाळला तेव्हा नातालीनबाय चष्मा लावून आली. फळीसमोर वाकली, अक्षराअक्षरावरून बोट फिरवलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. माझी समजूत घालायची म्हणून म्हणाली, "वाचूक येता गो."

तेवढंच येतं, मिंगेल.